लेबलावरची तिसरी ओळ

आमच्या घरात लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तीन ओळींची चिठ्ठी असते. पहिल्या ओळीत काय, दुसरीत कधी, तिसरीत कोणी. "घरात माणसं दोन, तुम्ही लोणचं घालत नाही, मग कोणी म्हणजे काय?" असं बायको दरवर्षी विचारते आणि दरवर्षी स्वतःचं नाव घालते. ही सवय मला शेटसरांनी लावली. रघुवीर शेट. डिचोलीच्या ज्या शाळेत मी पहिल्यांदा नोकरीला लागलो, तिथे ते अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला स्वतःच्या एका कृत्याबद्दलही लिहावं लागतं. ते वगळून दोनदा लिहून पाहिलं. जमलं नाही.

सर मूळचे इब्रामपूरचे, सोनाराच्या घरातले. धाकट्या भावाचं डिचोलीच्या बाजारात दुकान होतं. सर शिकले, मास्तर झाले, पण बसायचे सोनारासारखेच. प्रयोगशाळेत उंच स्टुलं होती. ती सोडून एका लाकडी पाटावर मांडी घालून ते काचेच्या नळ्या वाकवायचे. गॅस संपला की वडिलांची पितळी फुंकणी काढायचे, दिव्याच्या वातीवर फुंकर घालून ज्योत सुईसारखी करायचे आणि काम पुढे चालू. शर्टाच्या पुढच्या बाजूला तेजाबाची बारीक भोकं होती. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या, ह्यांचा शर्ट मच्छरदाणीला चालेल.

बाटल्यांच्या बाबतीत मात्र ते कडक होते. साध्या चुन्याच्या निवळीवरही तीन ओळी हव्यात, आणि तिसरी ओळ ज्याने द्रावण केलं त्यानेच लिहायची. एकदा एका मुलीने मैत्रिणीचं नाव प्रेमाने स्वतः लिहिलं, तर सरांनी ते खोडायला लावलं. "बाय, दुसऱ्याचें नांव आपूण घालचें न्हय," ते म्हणाले. "उद्या द्रावण चुकलें तर ती म्हणटली, मी खंय लिहिलें?" ती मैत्रीण घरी गेली होती. बाटली दोन दिवस तिसऱ्या ओळीशिवाय राहिली.

मुलं त्यांना पाठीमागे भांगरसर म्हणत. आमच्याकडे सोन्याला भांगर म्हणतात. हे नाव जातीवरून पडलं नव्हतं, एका बाटलीवरून पडलं होतं.

त्या बाटलीची गोष्ट वहिनींच्या फुलीपासून सुरू होते. नाकातली त्यांची लग्नातली फुली मोडली. ती भावाच्या दुकानात नीट करून आणतो म्हणून सर घेऊन गेले आणि थेट प्रयोगशाळेत आले. दोन तेजाबं एकत्र करून त्यात त्यांनी ती विरघळवली. आधी पिवळं पाणी झालं. मग दोनदा गाळलेलं पाणी उकळत ठेवून त्यात त्या पिवळ्याचे थेंब टाकले आणि वरून लिंबाच्या आम्लाचा एक क्षार. मी रुजू झालो त्या वर्षी हा प्रयोग त्यांनी उरलेल्या पिवळ्या पाण्यावर पुन्हा करून दाखवला, म्हणून मी तो पाहिला आहे. क्षार पडला की पिवळेपणा जातो आणि पाणी साधं पाण्यासारखं दिसतं. सर म्हणायचे, "आतां गप्प रावा." पन्नास मुलं गप्प. मग पाणी धुरकट होतं, काळसर निळं होतं, जांभळं होतं, आणि बघता बघता पिकल्या करवंदाच्या रसासारखं लालभडक. पारदर्शक लाल. पलीकडे धरलेलं वर्तमानपत्र वाचता येईल असं.

"हें भांगर," सर सांगायचे. सोनं सोनंच असतं, फक्त त्याचे कण इतके बारीक झाले की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. तुकडा असताना पिवळं दिसणारं सोनं त्या मापाला आलं की लाल दिसतं, कण थोडे मोठे झाले की जांभळट. चांदीचं असंच केलं तर पिवळं पाणी होतं. देवळातल्या जुन्या लाल काचेच्या हंडीखाली ते हात जोडून उभे राहायचे, पण बघायचे हंडीकडे. त्या काचेत सोनं असणार, असं त्यांचं म्हणणं होतं. पुजाऱ्याने एकदा सांगितलं, सर, देव पलीकडे आहे.

हे कण खाली का बसत नाहीत, ते त्यांनी वर्गाला खाणीच्या पाण्यावरून शिकवलं. डिचोलीत तेव्हा सगळंच लाल होतं. रस्ते लाल, केळीची पानं लाल, खनिजाच्या ट्रकांमागून येणारी माणसं लाल. खाणीशेजारच्या सुर्ल्याच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरलं तर लालच, पण रात्रभर ठेवलं की तळाशी गाळ आणि वर निवळ. सोन्याचं पाणी वर्षानुवर्षं निवळत नाही. प्रत्येक कणावर सारखाच भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात आणि तरंगत राहतात. त्यात मीठ पडलं की तो भार झाकला जातो, कण एकत्र येतात, लाल पाणी निळं पडतं आणि काळा साका खाली बसतो. हे त्यांनी शिकवायच्या आधीच एका मुलाने सिद्ध केलं होतं. खारे शेंगदाणे खात खात त्याने बोट बुडवून पाहिलं, आणि अर्धं चंचुपात्र सोनं सगळ्यांसमोर निळं झालं. सर रागावले नाहीत. त्यांनी त्या मुलाला फळ्याजवळ उभं केलं आणि वर्गाला म्हणाले, "ह्याच्या बोटान आज मीठ पारखलें." तेव्हापासून प्रयोगशाळेच्या दारावर 'खारे पदार्थ आणू नयेत' अशी पाटी होती. तिच्याखाली त्याच मुलाचं नाव होतं, कारण पाटी त्यानेच रंगवली होती.

असं करत करत फुलीतल्या सोन्याची एकच बाटली उरली. काचेचं बूच असलेली ती कपाटात असायची, आणि वर्षातून एकदा वहिनी ती बघायला शाळेत यायच्या. "माझी फुली बरी आसा न्ही?" एवढं विचारून, बाटली उजेडात धरून, चहा घेऊन जायच्या.

मी गवस. माझे वडील दोडामार्गाहून सुर्ल्याला आले आणि खनिजाचा ट्रक चालवायचे. आमच्या घरात पांढरा कपडा टिकत नसे, आणि लाल पाण्याकडे आम्ही कधी दुसऱ्यांदा बघत नसू. मी शिकलो, मास्तर झालो, पण नोकरी अजून कायम झाली नव्हती. शाळेपाठच्या शांताबाईंच्या खाणावळीत जेवायचो. सर दुपारी आपल्या डब्यातली भाजी माझ्यासमोर सरकवायचे आणि म्हणायचे, "खा, शांताबाय सगळ्यांत धूर घालता." खरंच, त्यांच्या चुलीवर टांगलेल्या सोलांना, म्हणजे कोकमाच्या सुक्या सालींनासुद्धा, धुराचा वास असायचा.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. शिक्षकांच्या खोलीत दोन बाकांवर दोन पक्ष बसायचे, आणि मराठी की कोंकणी यावरून चहा गार व्हायचा. सर वर्गात पुस्तकी मराठीतून शिकवायचे, एरवी सगळं बोलणं कोंकणी. दोन्ही बाकांनी त्यांना विचारून पाहिलं. त्यांनी दोघांना एकच उत्तर दिलं, "सोनें म्हणा, भांगर म्हणा, रंग तांबडोच." ते दोन्ही बाकांना आवडलं नाही. गणिताचे एक शिक्षक तेव्हापासून त्यांच्यावर राग धरून होते.

पुढे गोवा राज्य झालं. शाळेच्या फलकावर नवा रंग आला, आणि त्याच वर्षी म्हापशाला विज्ञानाचं मोठं प्रदर्शन ठरलं. आमच्या शाळेचे दोन विषय. सरांचं सोनं आणि माझं खाणीचं पाणी, तुरटीने ते कसं निवळतं हे दाखवणारं. मी प्रयोगशाळेतल्याच काचेच्या बुचांच्या डझनभर बाटल्या सुर्ल्याहून भरून आणल्या. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या मागच्या ओट्यावरच्या पेटीत ठेवल्या होत्या. त्यांतल्या आधी भरलेल्या बाटल्यांत गाळ बसला होता, म्हणून त्या ओतून ताजं पाणी भरायचं मी ठरवलं. सरांनी सोन्याची बाटलीही त्याच पेटीत, कोपऱ्यात गवत घालून ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं. तिचं जुनं लेबल सोलून ते नवं लिहायला आत गेले होते.

मी दोन्ही हातांनी एकामागून एक बाटली उपडी करत होतो. बघत नव्हतो. बघण्यासारखं काय होतं, लाल पाणी. एक बाटली रिकामी होताना तिच्यातून गाळाचा गोळा पडला नाही. तेव्हा खाली पाहिलं. खाणीचं पाणी पांढऱ्या मोरीत विटकरी पडतं. हे करवंदाच्या रसासारखं पसरलं आणि भोकातून गेलं.

आत जाऊन सांगणं एवढंच करायचं होतं. दहा पावलं. सर रागावले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली असावी. नोकरीचीही वाटली. मी बाटली शर्टाखाली धरून खाणावळीत गेलो, मूठभर सोलां मागून घेतली, कोमट पाण्यात कुस्करली आणि ते पाणी गाळणकागदातून दोनदा गाळलं. रंग जुळेपर्यंत पाणी घालत राहिलो. इतकं नीट काम मी त्या वर्षी दुसरं केलं नाही. परत येऊन बाटली गवतात ठेवली. सर आले, नवं लेबल चिकटवलं, म्हणाले, "चल, चा घेवया."

प्रदर्शनात आमच्या टेबलासमोर गर्दी होती. फुली बघायला वहिनी नवं लुगडं नेसून आल्या होत्या. परीक्षक म्हणून एक प्राध्यापक आले. सरांनी काळं कापड लावून अंधार केला आणि सांगितलं, नुसतं रंगाचं पाणी असेल तर बॅटरीचा झोत पाण्यात दिसत नाही. सोन्याच्या कणांवरून मात्र तो विखुरतो आणि पाण्यात उजेडाची वाट उमटते. मग त्यांनी बॅटरी लावली.

वाट उमटली नाही. त्यांनी बाटली फिरवली, पुन्हा लावली. मग बूच काढून वास घेतला. त्या वेळी त्यांनी कोणाकडेही पाहिलं नाही. वहिनींनी मात्र कापडाखालून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "ही माझी फुली न्हय."

"हें भांगर न्हय," सर प्राध्यापकांना म्हणाले, आणि मग पुस्तकी मराठीत, "चूक माझी आहे. क्षमा करा." प्राध्यापकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते माझ्या तुरटीकडे वळले. मला दुसरं बक्षीस मिळालं.

परतीच्या गाडीत गणिताचे शिक्षक मोठ्याने म्हणाले, "सोनाराच्या हातात गेलेलं सोनं कधी तोलून परत आलंय? बायकोची फुली गिळली आणि रंगाचं पाणी दाखवलं." काही जण हसले. सोनाराच्या घरातल्या माणसाला याहून वाईट बोलता येत नाही. सर खिडकीतून बाहेर बघत होते. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, बक्षिसाची ढाल मांडीवर. बोलायची तीच वेळ होती. मी ढालीवरची धूळ पुसली.

हे बोलणं बाजारात गेलं, भावाच्या दुकानापर्यंत. वर्षभर तरी गिऱ्हाइकं भावाला थट्टेने सांगत, आमची सरांसारखी विरघळवू नका. सरांनी खुलासा केला नाही. त्यांनी एवढंच केलं की मोडलेल्या फुलीची उरलेली फिरकी वहिनींकडून मागून घेतली. वहिनींनी ती क्षणभर तळहातावर ठेवली आणि दिली. सगळ्या शाळेसमोर, मैदानात टेबल मांडून, सरांनी पुन्हा पिवळं, पुन्हा निळं, पुन्हा लाल केलं. भर उन्हात उजेडाची वाट दिसावी म्हणून स्वतःच्या डोक्यावरून काळं कापड घेतलं आणि एकेका मुलाला आत बोलावलं. गणिताचे शिक्षक गेले नाहीत. वहिनी सर्वांत शेवटी कापडाखाली गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता.

माझी कोकमाची बाटली त्यांनी टाकली नाही. ती उकळून, बुचाला मेण लावून, सोन्याच्या बाटलीशेजारी ठेवली. पुढे दरवर्षी बारावीच्या पहिल्या तासाला दोन्ही बाटल्या टेबलावर यायच्या. दोन्ही लाल. यातली सोन्याची कुठली, ते बॅटरीने ओळखा. मुलांना तो तास फार आवडायचा. मी शेजारच्या वर्गात असायचो आणि पोरांचा आरडाओरडा ऐकायचो. चार-पाच वर्षांत कोकमाचं पाणी तपकिरी पडलं, तळाशी साका बसला. सोनं होतं तसंच लाल. सर म्हणाले, "आतां बॅटरी नाका, दोळ्यांनीच कळटा." त्या बाटलीवर त्यांच्या अक्षरात लेबल होतं. पहिली ओळ, कोकमाच्या कोंकणी नावाने: भिरंडाच्या सोलांचे पाणी. दुसऱ्या ओळीत प्रदर्शनाच्या आदल्या दिवसाची तारीख. तिसरी ओळ रिकामी.

ते लेबल मी शेकडो वेळा वाचलं असेल.

माझी नोकरी कायम झाली, त्यासाठी सरांनीच शब्द टाकला होता. मग माझी बदली पेडणे तालुक्यात झाली, लग्न झालं, सर निवृत्त होऊन दोन्ही बाटल्यांसह इब्रामपूरला गेले. माझ्या घरापासून मोटारसायकलने अर्धा तास. मी वर्षातून दोनदा जायचो, घरामागच्या कुळागरातल्या सुपाऱ्या, केळी, गप्पा. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि प्रत्येक वेळी केळी घेऊन परत यायचो.

शेवटी गेलो तेव्हा त्यांना ताप होता. व्हरांड्यात घोंगडी पांघरून बसले होते आणि खुशीत होते. आरोग्य केंद्रातली मुलगी घरी येऊन रक्त तपासून गेली होती. बोटभर लांबीची पट्टी, तिच्यावर रक्ताचा थेंब आणि औषधाचे दोन थेंब टाकले की लाल रेघा उमटतात. एक रेघ म्हणजे पट्टी चालू आहे, दुसरी उमटली तर मलेरिया. सरांनी विचारलं, रेघ लाल कशाने होते? तिला माहीत नव्हतं. त्यांनी तिच्याकडून वेष्टनावरचा बारीक कागद मागून घेतला, भिंगाने वाचला आणि ओरडले. रेघ सोन्याच्या कणांची होती. तेच लाल सोनं. रक्तात मलेरियाची खूण असली की कण रेघेवर अडकून गोळा होतात आणि डोळ्यांना दिसतात.

वहिनी आतून म्हणाल्या, "तें चेडूं सांगता, सर, दोन रेघो आयल्यो, मलेरिया आसा. हे म्हणटात, आसूं दी, पळय कशें भांगर चकचकता."

"आतां ह्याक नॅनो म्हणटात," सर मला म्हणाले. "आमच्या वेळार पुस्तकांत कलिल म्हणून दोन पानां आसलीं. परीक्षेक येना म्हणून मास्तर तीं सोडून दिताले." त्यांनी वर्तमानपत्राची कात्रणं काढली. चांदीच्या कणांनी जंतू मरतात म्हणून पाण्याच्या गाळणीत चांदी, कर्करोगाच्या गाठीपर्यंत सोन्याचे कण पोचवायचे प्रयोग. प्रत्येक कात्रणावर तीन ओळी. तापातही त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा होता.

जनेलावर, खिडकीच्या कट्ट्यावर, दोन्ही बाटल्या होत्या. एक लाल, एक तपकिरी. मी तिकडे बघत होतो.

"सर," मी म्हणालो, "म्हापशाच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तुमची बाटली मी मोरीत ओतली. खाणीचं पाणी समजून. आणि कोकम मी भरलं."

त्यांनी हातातलं कात्रण खाली ठेवलं. मग विचारलं, "सोलां शांताबायची?"

"होय."

"वासावरून म्हाका दिसलेंच. तिच्या सोलांक धूर आसतालो."

म्हणजे बूच काढलं त्याच क्षणी त्यांना कळलं होतं. परतीच्या गाडीत माझ्या शेजारी बसले होते तेव्हाही. बाजारात लोक त्यांना हसत होते ते वर्षभर, आणि माझ्यासाठी शब्द टाकला त्या दिवशीही. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"बाटली तुजी," सर म्हणाले, जणू मी काहीतरी अगदी सोपं विसरलो होतो. "तुजें नांव हांव कसो घालूं?"

त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. वहिनींनी तपकिरी बाटली जनेलावरून काढून, पदराने पुसून मेजावर ठेवली. लेबल इतकं जुनं झालं होतं की शाई पसरत होती. मी तिसऱ्या ओळीत सावकाश लिहिलं: सदानंद गवस. सरांनी भिंग घेऊन ते वाचलं, फुंकर घालून वाळवलं आणि बाटली परत सोन्याशेजारी ठेवली.

"जेवंक राव," वहिनी म्हणाल्या. "सोलांची कढी केल्या."

मी जेवलो. दोन वाट्या कढी प्यालो. निघताना मोटारसायकल चालू केली आणि मागे वळून पाहिलं. आरोग्य केंद्रातली मुलगी गोळ्या द्यायला आली होती. सरांनी घोंगडी डोक्यावरून घेतली होती, तिच्या अंधारात लाल बाटली धरली होती, आणि एका हाताने कापड उचलून ते तिला आत बघायला बोलावत होते. ती हातात गोळ्या घेऊन वाकली. वहिनी बॅटरी शोधत होत्या.